फिल्डवरच्या पोरांना कंपनीचा फोन द्यावा, की त्यांच्याच फोनवर चालू द्यावं?

द्राक्षमळा

राम राम मंडळी. निफाड तालुक्यात आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. माल मुख्यतः युरोपला जातो. म्हणजे नुसती द्राक्षं गोड असून भागत नाही. प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या तारखा, औषधांच्या अंश तपासणीचा नमुना, काढणी, सगळं कागदावर जुळावं लागतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना नोंदींचं महत्त्व वेगळं सांगायला नको. या नोंदी आमची फिल्डवरची नऊ पोरं ठेवतात आणि वही मागे पडून आता सगळं मोबाईलवर आलंय.

अडचण अशी की फोन त्यांचे, सिम त्यांची. आम्ही फक्त रिचार्जचे पैसे देतो. गेल्या हंगामात एक पोरगा दुसऱ्या पॅकहाऊसला गेला. जाऊ दे, चार पैसे जास्त मिळाले तर कोणीही जाईल. पण बागायतदार अजून त्याच्याच नंबरवर फोन करतात आणि आमच्या काढणीची चौकशी त्याच्याकडे होते! दुसऱ्या एकाचा फोन बाजार समितीच्या गर्दीत गेला. फोनच्या किमतीचं सोडा. त्यात काय काय गेलं असेल याचा अंदाज यावा म्हणून मी तिसऱ्याच पोराला त्याची गॅलरी दाखवायला सांगितली. पोरीच्या बारशाचे फोटो, खाली कुणाचंतरी आधार कार्ड, मग भुरी पडलेला घड, मग बँकेचं पासबुक, सातबारा, आणि परत बारसं.

ऑक्टोबर छाटणीच्या आत काहीतरी व्यवस्था लावायची आहे. नऊ फोन एकदम घ्यावेत का? घेतले तर कुठले? बजेट फोनमागे अठरा-वीस हजार. की पोरांच्याच फोनमध्ये काही करता येतं? 'सगळ्यांना आयफोन द्या म्हणजे झंझट नाही' असं घरातून सुचवलं गेलंय, त्याकडे सध्या दुर्लक्ष करतोय. आणि पोरं नक्की बागेत जातात की टपरीवर बसतात हेही त्यातून कळलं तर बरंच. जाणकारांनी सांगावं.

---

भुईनळा

काहीही घ्या, पोरं पासवर्ड १२३४ च ठेवणार. वाचतोय.

---

कळफलक

हे माझं रोजचं काम आहे (पुण्यात एका कंपनीत नऊशेच्या आसपास फोन सांभाळतो), म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, पोरांच्याच फोनमध्ये करता येतं. अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' नावाची सोय आहे, २०१४ च्या लॉलिपॉपपासून तिचा पाया आहे. एकाच फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा तयार होतो. त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कामाचा कॅमेरा वेगळा आणि त्यातून काढलेला फोटो कामाच्याच कप्प्यात पडतो, बारशाच्या फोटोंमध्ये नाही. कामाचे कॉन्टॅक्ट वेगळे. दुसऱ्या नंबरवरचं व्हॉट्सॲपही त्या कप्प्यात वेगळं टाकता येतं. कामाच्या बाजूचं काही कॉपी करून खाजगी बाजूला चिकटवता येऊ नये, असंही लावता येतं. पोरगा नोकरी सोडून गेला की तुम्ही तुमच्या ऑफिसातून तेवढा कप्पा पुसायचा. त्याचे फोटो, त्याचं जीपे, त्याचं व्हॉट्सॲप जागच्या जागी राहतं.

पोरं पहिल्यांदा हेच विचारतील की 'साहेबाला माझे फोटो दिसणार का?' नाही. फोन त्याच्या मालकीचा असेल तर खाजगी बाजूची ॲप, फोटो, मेसेज यातलं काही तुम्हाला दिसत नाही. संध्याकाळी कामाचा कप्पा एका बटणाने बंद करता येतो. बंद केला की त्यातली ॲप झोपतात, नोटिफिकेशनही येत नाहीत.

हे चालवायला एक व्यवस्थापन सेवा लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्रीमियम प्लॅन घेतला असेल तर त्यात इंट्यून ही तशी सेवा आहेच. गूगल वर्कस्पेसच्या स्वस्त प्लॅनमध्ये फक्त मूलभूत नियंत्रण मिळतं, वर्क प्रोफाइल हवं तर बिझनेस प्लस किंवा वरचा. नऊ फोनांसाठी स्केलफ्यूजनसारखी वेगळी सेवाही चालेल, ती तर पुण्यातलीच. (माझा कोणाशी संबंध नाही. मागे एकाने 'कमिशन किती' विचारलं होतं म्हणून आधीच सांगतो.)

फोन कंपनीच्या मालकीचे घेतले तर आणखी सोपं. नवा फोन चालू करायचा, स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारायची, क्यूआर कोड वाचायला कॅमेरा उघडतो. कोड दाखवला की फोन आपोआप तुमच्या नियमांत येतो. कुठली ॲप असतील, बाहेरून एपीके (प्ले स्टोअरबाहेरची ॲपची फाइल) टाकता येईल की नाही, पासवर्ड किती आकडी, सगळं तिथून ठरतं. भुईनळा, तुमचं १२३४ तिथे चालत नाही. फोनच नको म्हणतो.

---

सोल्डरगन

कळफलक यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. इचलकरंजीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फिल्डवरच्या लोकांचे फोन कशाने मरतात ते टेबलावर रोज दिसतं. पहिला नंबर चार्जिंग पोर्टचा. धूळ, घाम, पावसात बाइकवर खिशात राहिलेला फोन, आणि तो ओला असतानाच चार्जिंगला लावणं. त्यानंतर डिस्प्ले, मग फुगलेली बॅटरी. प्रोसेसर कमी पडला म्हणून फोन घेऊन आलेला फिल्डवाला मला आजवर भेटलेला नाही. तरी दुकानात जो तो प्रोसेसरच विचारतो.

निफाड म्हटलं की बातम्यांत थंडीचा नीचांक, पण तुमची काढणी एप्रिलपर्यंत चालते आणि तेव्हा ऊन चाळिशीला टेकतं. ॲपल स्वतःच लिहितं की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. उन्हात कॅमेरा, जीपीएस आणि नेट एकाच वेळी चालू राहिलं की कुठलाही फोन तापतो, पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. म्हणून उन्हात पडदा वाचता येतो का, हे दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन झकास दिसतात. काळं कव्हर घालू नका आणि गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका.

'आयपी६८ आहे, पाण्याचं टेन्शन नाही' असं सेल्समन सांगेल. आयपी६८ ही धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी, पण ती चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यातली असते. जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) द्रावण, गंधकाची फवारणी, बोर्डो मिश्रण हे त्यात धरलेलं नाही. शिवाय पाणी शिरलं तर वॉरंटी सहसा हात वर करते. रबरी बुचाचं साधं जाड कव्हर घ्या, पोर्टचं तोंड झाकलं जातं.

बाइकच्या हँडलला फोन अडकवायचा स्टँड पोरांना आवडतो. ॲपलने २०२१ मध्ये इशाराच दिला होता की मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस खराब होऊ शकतो. ज्या अँड्रॉइड फोनांत ओआयएस (कॅमेऱ्याचं तसंच स्थिरीकरण) असतं त्यांनाही तेच लागू. तुमचं अर्धं काम फोटोंचं आहे. स्टँड नकोच.

निवडताना मी चार गोष्टी बघेन. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे सर्वांत आधी. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या एस२४ ला सात वर्षं कबूल केली आहेत, पण ते तुमच्या बजेटबाहेर. तुमच्या बजेटमध्ये सॅमसंगचा ए१६ ५जी सहा वर्षांचं वचन घेऊन आला होता, त्या मालिकेतलं चालू मॉडेल बघा. दुसरं, किमान ६ जीबी रॅम. तिसरं, सर्व्हिस सेंटर नाशकात आहे का, आणि डिस्प्ले बदलायचा खर्च किती (खरेदीच्या आधी विचारा, नंतर विचारून नुसता त्रास होतो). चौथं, नऊच्या नऊ एकाच मॉडेलचे घ्या, आणि दहावा घेऊन कपाटात ठेवा. एकाचा फोन पडला की त्याच दिवशी दुसरा हातात देता येतो. चार्जर, कव्हर, काच सगळं एकमेकांना चालतं.

बजेट वाढवणार असाल तर सॅमसंगचा दणकट एक्सकव्हर७ बघा. भारतात २०२४ मध्ये आलाय. बॅटरी पाठीमागून काढता येते, ४०५० एमएएच. जोडीला एक जादा बॅटरी दिली की पॉवरबँक लटकवत फिरायला नको. माझ्या धंद्याला असले फोन वाईट, पण काय करणार.

---

पाटीपेन्सिल

@सोल्डरगन, रॅमच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. काम ठरायच्या आधी फोन ठरला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी फोन मिळाले, २ जीबी रॅमचे. पुढे २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते त्या फोनवर धड चालेना, वरून इंग्रजी. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च बायकांच्याच अंगावर. त्या ऑगस्टमध्ये सेविकांनी राज्यभर फोन परत करण्याचं आंदोलन केलं. ज्यांच्या हातात रोज फोन असणार त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा द्राक्षमळा, नऊ घ्यायच्या आधी एक घ्या. सगळ्यात जास्त फिरणाऱ्या पोराला द्या, पंधरवडाभर वापरू द्या आणि त्यालाच विचारा. तुमचं जे काही नोंदीचं ॲप आहे ते मराठीत आहे का, हेही बघा. प्लॉट नंबरच्या रकान्यात मोबाईल नंबर भरला जातो तो आळसामुळे नाही, रकाना न समजल्यामुळे.

---

पिग्मीवाला

मी पतसंस्थेचा पिग्मी एजंट. फोन आणि कमरेला ब्लूटूथ प्रिंटर घेऊन बाजारपेठेत फिरतो, त्यामुळे फोन दिवसातून शंभर जणांच्या नजरेखालून जातो. 'दाखव बरं माझं किती झालं' म्हणत दुकानदार फोन हातातून ओढूनच घेतो. त्याच्या हातात असताना बायकोचा मेसेज वर आला तर त्यालाही दिसतो, आणि शेजारच्या दुकानदाराची बाकीही त्याला बघायची असते.

यावर अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आहे. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात शोधा. एकदा चालू केलं की समोरचं ॲप पडद्यावर खिळून बसतं, बाहेर पडायला लॉक उघडावं लागतं. तुमची पोरंही शेतकऱ्याला फोन देत असतील, सही घ्यायला, फोटो दाखवायला. शिकवून ठेवा, एका मिनिटाचं काम आहे. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये, तेही करा. ओटीपी लॉक न उघडता वाचता येत असेल तर लॉकचा उपयोग काय?

दोन-दोन फोन द्यायला मात्र माझा विरोध. मी वर्षभर बाळगले. एक कायम डिस्चार्ज असतो, आणि नेमका तोच वाजायचा असतो.

---

तळटीप

वकिली चष्म्यातून थोडं. या धाग्यात सगळे फोनवर बोलत आहेत, पण द्राक्षमळा यांनी स्वतःच लिहिलेली गॅलरीची गोष्ट जास्त गंभीर आहे. बागायतदाराचं आधार, पासबुक आणि सातबारा तुमच्या कामासाठी घेतले म्हटल्यावर ते सांभाळायची जबाबदारी तुमची, पोराची नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती नीट न सांभाळल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. पॅकहाऊसला कोणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका. पण माहिती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती त्या माणसाला कळवावं लागेल. तुमच्या बाबतीत म्हणजे दोन-तीनशे बागायतदारांना फोन करून 'तुमचं आधार हरवलं' असं सांगायचं. पुढच्या हंगामात माल कोण देईल?

माझा साधा प्रश्न: हे फोटो मुळात लागतात कशाला? पैसे बँकेत टाकायला खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो, तो एकदाच ऑफिसात नोंदवा. आधार मागायचंच असेल तर मास्क केलेलं मागा. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. सातबारा ऑनलाइन निघतो, त्याचा फोटो पोराने खिशात घेऊन फिरायची गरज नाही. जे घेतलंच नाही ते हरवत नाही.

आणि पोरांशी एक पानाचा कागद करा, मराठीत. फोन कोणाचा, फुटला तर खर्च कोणाचा, नोकरी सोडताना काय पुसलं जाईल, काय बघितलं जाणार नाही. सही घ्या, एक प्रत त्यांना द्या.

---

द्राक्षमळा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आधारचं तर मी कधी या बाजूने बघितलंच नाही. वर्षानुवर्षं मागतो म्हणून मागतो.

लोकेशनबद्दल कोणीच बोललं नाही. बाकीचे पॅकहाऊसवाले लावतात. गाड्यांना तर आमच्याकडेही जीपीएस आहे.

---

रानमेवा

बोलतो. मी बारा वर्षं औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, जळगाव-धुळे पट्टा. आमच्या ॲपमध्ये लोकेशन चोवीस तास चालू ठेवायची सक्ती आली तेव्हा काय झालं ते ऐका. रविवारी सासुरवाडीला गेलो तर सोमवारी मॅनेजर विचारतो, 'काल चोपड्याला काय होतं?' तो गमतीत म्हणाला असेल, मला गंमत वाटली नाही. पुढे पोरांनी खोटं लोकेशन दाखवणारी ॲप टाकली. त्यासाठी फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात आणि ती ॲप कुठून कुठून आणलेली असतात. म्हणजे ज्या फोनवर डॉक्टरांची यादी आणि कंपनीचे दर, त्याच फोनला स्वतःहून भगदाड पाडलं. हे कोणी केलं? पाळत ठेवणाऱ्यानेच.

साहेब, गाडी आणि माणूस यात फरक आहे. पोरगा बागेत गेला होता का हेच बघायचं ना? प्लॉटच्या फोटोवर ठिकाण आणि वेळ येऊ द्या, तेवढं पुरतं. तो टपरीवर बसला तर बसू दे, टपरीवरच अर्ध्या बागायतदारांची गाठ पडते.

---

कळफलक

रानमेवा, पटलं. तांत्रिकदृष्ट्याही तेच बरं. कामाच्या कप्प्यातल्या ॲपला 'ॲप वापरताना' एवढीच लोकेशनची परवानगी द्यायची. नोंद करताना ठिकाण येतं, कप्पा बंद केला की विषय संपला. खोट्या लोकेशनसाठी लागणारे डेव्हलपर ऑप्शन्स कंपनीच्या फोनवर बंद करता येतात, पण पोरांच्या मागे ससेमिरा नसेल तर ती वेळ येत नाही.

---

नेकारकाठ

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. इथे ऑफिसचा फोन हातात देताना आधी कामगार प्रतिनिधी मंडळाशी करार होतो, लोकेशन वगैरे त्याशिवाय चालूच करता येत नाही. कॉन्टिनेंटल या टायरवाल्या कंपनीने २०१८ मध्ये कामाच्या फोनांवर व्हॉट्सॲपला बंदी घातली होती, कारण ते फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट वाचतं आणि त्या लोकांची परवानगी कोणी घेतलेली नसते. निफाडमध्ये व्हॉट्सॲपशिवाय धंदा होणार नाही हे मान्य, पण 'मीडिया आपोआप गॅलरीत' हे बंद करायला कोणाची परवानगी लागत नाही. निम्मी आधार कार्डं तिथूनच गॅलरीत उतरली असणार, पैज लावतो.

अवांतर: सुट्टीत ऑफिसचा फोन न उचलण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं होतं. कायदा झाला नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये झाला.

---

भुईनळा

द्राक्षाच्या हंगामात रात्री बारालाही फोन येणार आणि तो उचलावाच लागणार. कंटेनर जर्मनीच्या कायद्याने थांबत नाही.

---

वाटाड्या

फोन चोरीला गेला तर नेमकं काय करायचं, क्रमाने कोणी सांगेल का? गेल्या वर्षी माझा गेला तेव्हा प्रत्येकाने वेगळं सांगितलं.

---

कळफलक

क्रमाचा प्रश्न चांगला आहे, कारण लोक घाईत पहिल्यांदा सिम बंद करतात. सिम बंद झालं की फोनचं नेट जातं, आणि मग 'लॉक हो', 'पुसून टाक' हा दुरून पाठवलेला हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या बाजूने, सिम चालू राहिलं तर चोर ते काढून आपल्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी त्याला येतात. दोन्हीकडून अडकित्ता.

यातून सुटायचा मार्ग आधीच करून ठेवायचा: सिम पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक चालू करा. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की ते पिन मागतं, तीनदा चुकलं की पीयूके (सिम कंपनीकडून मिळणारा कोड). तेवढ्याने तुम्हाला उसंत मिळते. (पिन बदलण्याआधी कंपनीने दिलेला मूळ पिन माहीत करून घ्या, अंदाजाने मारू नका, सिम अडकेल.)

मग, पोराने दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून ऑफिसात कळवायचं, लाजायचं नाही, 'सापडेल' म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. ऑफिसने व्यवस्थापन सेवेतून लॉक आणि पुसण्याचा हुकूम पाठवायचा. स्वतःचा फोन असेल तर गूगलच्या 'फाइंड हब'मधून. लगोलग बँकेला फोन करून यूपीआय बंद, मग सिम बंद आणि त्याच नंबरचं दुसरं सिम. पैसे गेले असतील तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मग पोलिसात तक्रार, तिची प्रत आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घेऊन संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक. हे पोर्टल दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलं. तिथे ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, म्हणून हे शेवटी. दोन सिमच्या फोनला आयएमईआय दोन असतात, दोन्ही द्या. फोन घ्याल त्याच दिवशी *#०६# डायल करून दोन्ही आकडे आणि बिलाचा फोटो ऑफिसच्या फायलीत ठेवा. चोरीनंतर खोकं शोधत बसतात लोक.

आणि सोडून गेलेल्या पोराच्या नंबराबद्दल. सिम फर्मच्या नावावरच घ्या, पोस्टपेड, हे फोनपेक्षा आधी करा. बागायतदाराशी संबंध त्या नंबराशी जोडलेला असतो. एक खाच आहे. जाताना पोराने व्हॉट्सॲपवर टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल आणि सांगितला नाही, तर नंबर तुमच्याकडे असूनही खातं सात दिवस उघडत नाही. काढणीच्या ऐन भरात सात दिवस! तो पिन आणि त्याचा रिकव्हरी ईमेल ऑफिसचाच ठेवा.

---

पिग्मीवाला

एपीकेबद्दल राहिलंच. आमच्या ग्रुपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली, एकाने दाबली. त्यानंतर त्याच्याच नंबरवरून तीच फाइल सगळ्या खातेदारांना गेली. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर हीच फाइल 'पीएम किसान यादी' नावाने फिरते, लग्नसराईत लग्नपत्रिका होते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही, एवढं एक वाक्य पोरांना पाठ करायला लावा. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' मध्ये जाऊन व्हॉट्सॲपसमोरचं बटण बंद आहे ना, बघा.

---

द्राक्षमळा

काल पोरांना बसवून विचारलं. सहा जण म्हणाले कंपनीचा फोन द्या, तिघांना स्वतःच्याच फोनमध्ये कप्पा चालेल. त्या तिघांपैकी एकाचा फोन २०१९ चा निघाला, शेवटचं सुरक्षा अपडेट तीन वर्षांपूर्वीचं. त्यालाही कंपनीचाच देतोय. म्हणजे सात फोन, एक कपाटात. आधी एकच आणून सगळ्यात जास्त फिरणाऱ्याला दिलाय. नऊ सिम फर्मच्या नावावर घ्यायला कागद दिले. लोकेशन फक्त फोटोवर. रानमेवा, चोपड्याचा किस्सा पोरांना वाचून दाखवला, फार हसली.

आधार मागणं बंद केलं तर आमच्या अकाउंटंटनी आकाशपाताळ एक केलं. त्यांच्याशी वाद चालू आहे.

एक शेवटचं. पोरांचे आणि ऑफिसचे जुने चार-पाच फोन पडून आहेत. एक्स्चेंजमध्ये देऊ का?

---

सोल्डरगन

द्या, पण आधी गूगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. उलट केलंत तर रीसेटनंतर फोन जुनंच खातं मागतो आणि एक्स्चेंजवाला परत पाठवतो. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या आवृत्तीसह आलेल्या फोनात डेटा एनक्रिप्टेड असतो, रीसेट केला की प्रश्न मिटला. त्याहून जुना असेल तर सेटिंगमध्ये एनक्रिप्शन चालू आहे ना बघून मग रीसेट करा. फुगलेली बॅटरी असलेला फोन टोचून, दाबून बघू नका, चार्जिंगला तर लावूच नका, तसाच ई-कचऱ्यात द्या.

आणि मेमरी कार्ड काढून घ्या. दुकानात विकायला आलेल्या फोनांत निम्म्या वेळा कार्ड तसंच असतं.